आजीच्या लग्नाची नोंद

नाशिक, १२ मार्च १९९८

ती. निवृत्तीकाकांस,

"तुझी आई लग्नाची नव्हती," असं तुम्ही माझ्या बाबांना, तुमच्या सावत्र भावाला, जन्मभर ऐकवलंत. आज पंचवटीत आपल्या घराण्याच्या उपाध्यायांनी यात्रेकरूंची जुनी वही काढली. १९३० सालच्या पानावर आजोबांच्या हातची नोंद आहे: 'पहिली पत्नी वारल्यावर भागीरथीशी विवाह केला. जोडीने गंगास्नानास आलो. सोबत थोरला मुलगा.'

खाली त्या नऊ वर्षांच्या मुलाची वाकडीतिकडी सही आहे. निवृत्ती.

"ताई, आता पेढे आणा," गुरुजी म्हणाले. किलोभर आणले!

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, हातातच देईन. रविवारी तुम्हाला पंचवटीत न्यायला रिक्षा घेऊन तुमच्या दारात येते. चष्मा विसरू नका, सही तुम्हीच वाचायची आहे.

भागीरथीबाईंची नात,
ललिता