खाडी मे महिन्यात आटते का?

रहिमतपूर,
११ एप्रिल १९७६

थोरले साडू नानासो यांच्या सेवेशी, धाकटे साडू लालासाहेब यांचा सहा वर्षांचा साठलेला रामराम एकदम.

आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही तिकडे देवगडला बरेच असणार, कारण बंदर खात्यातल्या माणसाला नुसतं समुद्राकडे बघत बसायचा पगार मिळतो असं इथले लोक म्हणतात (मी म्हणत नाही). लीलाआक्कांचं मिरजेला डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही मिरजेपर्यंत येऊन आम्हाला कळवलंसुद्धा नाही, हे महिन्यानं विट्याच्या मेहुण्याकडून समजलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याच मेहुण्याच्या लग्नात माझी पाळी आली तेव्हा फेटे संपले, माझी टोपीवर बोळवण झाली, तुम्ही तुमच्या फेट्याखालून हसलात आणि मी राहीला भरल्या पंगतीतून उठवून घरी आणलं, त्याबद्दलही मी अवाक्षर लिहिणार नाही. तेव्हापासून दोघी सख्ख्या बहिणींची गाठ नाही एवढं मात्र खरं. आक्कांना आता नीट दिसतं का, असं राही विचारत होती. मी विचारत नाही. हे पत्र निव्वळ भूगोलाच्या चौकशीसाठी आहे.

प्रकरण असं की आमच्या गावात सुभेदार हंबीरराव म्हणून आहेत. पलटणीतून पेन्शनीत आल्यापासून त्यांना हुकूम सोडायला माणसं कमी पडतात (घरात सुभेदारीणबाईंचा हुद्दा वरचा आहे). त्यांनी यंदा मोहीम काढली. सहा जणांनी पाठीला पिट्टू लावायचा आणि रत्नागिरीहून समुद्राच्या कडेकडेनं पायी देवगड गाठायचं. पिट्टू म्हणजे शिपायाची पाठीवरची पिशवी. आमचे पिट्टू शिंप्यानं युरियाच्या पोत्यांचे शिवलेत, त्यामुळं आम्ही रांगेत उभे राहिलो की दोन शेतकरी मागं येऊन उभे राहतात आणि खत कधी वाटणार म्हणून विचारतात. सहांपैकी समुद्र कुणीच पाहिलेला नाही. सुभेदारांची सगळी नोकरी बर्फात आणि वाळवंटात झाली. पण ‘पानी तो पानी हाय’ एवढं बोलून त्यांनी तो मुद्दा निकालात काढला.

मग खाण्याचा प्रश्न निघाला. आमचा आकाराम (पाच एकर ऊस, आणि जेवणही त्या मानानं) म्हणाला की मला मासं चालत न्हाईत, काटं अडकत्यात. त्याची बायको हरणाबाई दहा दिवसांच्या भाकरी थापून द्यायला तयार झाली, पण त्या भाकरी वाहणार कोण? तेव्हा आकारामनं बोकड न्यायची कल्पना काढली. ‘बोकड आपल्या पायानं चालतंय, वझं न्हाई. चवथ्या दिशी कापायचं.’ सुभेदारांनी रसदीच्या दृष्टीनं विचार करून मंजुरी दिली.

खरी अडचण नकाशानं केली. शाळेतून आणलेल्या नकाशात किनाऱ्याला जागोजाग निळ्या चिरा पडलेल्या दिसल्या. त्या खाड्या. जैतापूरला एक, विजयदुर्गला एक, मध्ये आणखी बारक्या. यावर सोसायटीच्या कट्ट्यावर दोन बैठका झाल्या आणि तोड निघाली की मे महिन्यात जायचं. मे महिन्यात आपली कृष्णा गुडघ्याला लागते, वसना नदीत तर गुरं उभी करायला पाणी नसतं, मग खाडी अशी कोण लागून गेली? मी भीत भीत म्हणालो की खाडीत समुद्राचं पाणी येतं असं ऐकलंय. तर आकाराम म्हणतो, ‘आरं गड्या, वैशाखात समुद्र बी वाईच आटत आसंल की.’ सुभेदारांनी वहीत लिहून घेतलं, ‘मे : समुद्र थोडा कमी.’

गेल्या रविवारी सराव झाला. धामणेरजवळ कृष्णेच्या वाळूत, पिट्टूत ओली वाळू भरून (कारण सुभेदारांच्या मते मोहिमेपेक्षा सराव अवघड असावा). पहिल्या फर्लांगात पायताणं वाळूत रुतली, दुसऱ्यात दोघांना उसाच्या पाण्याची पाळी आठवली, आणि पाण्यापाशी आल्यावर बोकड हटून बसलं. आकारामनं ते खांद्यावर घेतलं आणि पाण्यातनं पार केलं, म्हणजे वझं झालंच. तेवढ्यात सुभेदारांचा गुडघा धरला. त्यांना बैलगाडीतून परत आणलं. गाडीत ते मागं तोंड करून बसले होते, माघार नीट होते आहे का ते बघायला.

तरीही मोहीम पक्की आहे. मार्ग योगायोगानं तुमच्या दारावरून जातो, त्याला माझा इलाज नाही. आम्ही काही मुद्दाम तुमच्याकडं येत नाही. फक्त मे महिन्यात खाडी कुठं उतरायला मिळेल तेवढं कळवावं.

आपला,
लालासाहेब

ता. क. – पत्र लिहून झालं आणि सुभेदारांचा निरोप आला की गुडघ्यामुळं मोहीम तहकूब. बाकीच्यांना ऊस आहेच. आकारामला बोकडाचा लळा लागलाय, आता तो कापू देत नाही. तेव्हा मोहिमेत मी एकटा उरलो.

ता. क. २ – मोहिमेचं खूळ सुभेदारांच्या डोक्यात मीच घातलं होतं. आक्कांच्या ऑपरेशनचं कळल्यावर राही चार दिवस माझ्याशी बोलली नाही, नुसतं ताट ठेवायची. पंगतीतून उठून गेलेल्या माणसाला बोलावल्याशिवाय दारात येता येत नाही. पण पाठीवर ओझं घेऊन वाटसरू दारावरून चालला तर त्याला ‘या, बसा, पाणी घ्या’ म्हणावंच लागतं, तो कुणी का असेना. एकदा मी आत बसलो की मागनं राहीला एष्टीनं बोलवून घ्यायचं, असा माझा बेत होता. त्या दिवशी मी उठायला नको होतं, नानासो. चूक माझी. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं, पाच माणसं आणि एक बोकड लागलं.

ता. क. ३ – पत्र राहीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘यवडं रामायण कशापायी लिवलंय? यवडंच लिवा, आक्का, मी येऊ का?’ मी म्हटलं, अगं, हे तर कार्डावर मावलं असतं. ती म्हणाली, ‘मावलंच आसतं की. सा वरसं तुमचा हात कुणी धरला हुता?’