संप्यानं दिलेलं आडनाव

सातारा, १७ डिसेंबर १९७४

संप्यानं असं करावं? दुसऱ्या कुणी केलं असतं तर टिंगल करून सोडून दिलं असतं.

आज कालेजात त्रिनिदाद बेटावरचा पाव्हणा बोलाया आला हुता. त्याच्या पणज्याला गोऱ्यांनी ऊस तोडाया बोटीनं तिकडं नेला. बंदरावरच्या कारकुनानं खरं नाव टाकून मनाला येईल ते लिवलं. आता ह्याला गाव न्हाई, भावकी न्हाई. मी हात वर करून इचारलं, "मग लग्नात भटजी कुणाचं नाव घेतो?" समदी हसली. पाव्हणा बी हसला, मग डोळं पुसाया लागला. संप्या कानात म्हणाला, "कसलं रं हे, माणसाचं नावच काढून घ्यायचं?"

आन संध्याकाळी त्यानंच मला पयल्यांदा घरी जेवाया नेलं. दारातच आईला म्हणाला, "ह्यो कदम."

मी कांबळे. तीन वर्सं एका बाकावर बसतूय आमी.

आईनं लय मायेनं वाढलं. "घे की रं कदमा, लाजतूस काय?" वांग्याची भाजी झकास हुती, खोटं कशाला बोलू. मान खाली घालून कदमाच्या नावानं ताट पुसून खाल्लं.

भाईर आल्यावर संप्या म्हणतो, "गड्या, नुसतं आडनाव तर बदललं. तू त्योच की. न्हाईतर आईनं आत घेतलं असतं व्हय?"

वर उपकार केल्यागत हसला.

त्याच्या आईनं रविवारी परत बोलावलंय. जाणार. उंबऱ्याच्या भाईर हुबा राहूनच सांगणार, "मावशी, मी कांबळे." तवा संप्या कुणाच्या बाजूला हुबा राहतूय, तेवढंच बघायचंय मला.