कागदावरचं वय

२४ ऑगस्ट

हे पडले! मखराला दिव्यांची माळ लावायला स्टुलावर चढले होते. हनुवटी टेबलावर आपटली, मान मागे गेली. पाय थोडे हलतात, हात अजिबात नाहीत. मानेतल्या मज्जारज्जूला मार आहे म्हणे. उद्या ऑपरेशन. आमच्या मुलाने, सर्वेशने, यांचं आधार कार्ड दाखवलं. शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "चौसष्ट ना? बरं आहे, पासष्टच्या आत आहेत." मी गप्प बसले.

२६ ऑगस्ट

खरं वय सत्तर. गावाला शाळेत उशिरा घातलं, म्हणून गुरुजींनी सहा वर्षं कमी करून एक जून लावून टाकला. निम्मं गाव एक जूनचंच! सासूबाईंनी लग्नानंतर मला एकटीला सांगितलं होतं. यांच्याजवळ मी कधी विषय काढला नाही. सर्वेशला तर काहीच ठाऊक नाही. त्या सहा वर्षांनी नोकरी लांबली, तेव्हा बरंच वाटलं होतं की.

३ सप्टेंबर

डॉक्टर शर्मिष्ठाबाईंनी नीट समजावलं. पडल्याचा मार एका क्षणाचा — पण नंतर आत सूज राहते, साफसफाई करणाऱ्या पेशी चांगल्या भागालाही इजा करतात, जखम आतल्या आत पसरते. तरुण शरीरात हे लवकर आवरतं, म्हातारपणी रेंगाळतं. "वयाने फरक पडतो, काकी."

तेव्हाच सांगायचं होतं. जीभ रेटेना. वाटलं, सत्तर म्हटलं तर हे लोक आशाच सोडतील. वेडीच मी. शरीर काय आधार कार्ड वाचतं?

११ सप्टेंबर

बोटं तशीच.

२१ सप्टेंबर

रबरी चेंडू यांच्या हातातून परत पडला. सर्वेश वैतागला. "बाबा, तुम्ही मनावरच घेत नाय. चौसष्ट म्हणजे काय वय झालं?"

हे भिंतीकडे बघत एवढंच म्हणाले, "घेतंय रे झिला."

माझ्या गप्प बसण्यापायी हा माणूस पोटच्या पोराची बोलणी खातोय. लाज वाटली माझी मलाच. उद्या सांगून टाकणार, मग काय व्हायचं ते होवो.

२२ सप्टेंबर

सांगितलं.

डॉक्टरबाईंनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "मला ठाऊक आहे, काकी. काकांनीच सांगितलं, ऑपरेशनच्या आधी. म्हणाले, शेवंतीला बोलू नका. तिला माझं खरं वय माहीत नाय. चौसष्टवर धीर धरून बसलीय, बसू दे."