इंटरव्हलपर्यंतचा पिक्चर

३ नोव्हेंबर, सोमवार
धरणगावच्या नवीनचं स्थळ आलंय. रविवारपर्यंत हो की नाही कळवायचं. मुलगा चांगला आहे, हसला तेव्हा खोटं हसला नाही. तरी नाहीच. पुनीतने मला थांबायला सांगितलंय. तोंडाने नाही, पिक्चरमधून.

कॉलेजात असताना दिवाळीला धुळ्याच्या भुवांकडे, पप्पांच्या बहिणीकडे, गेले होते. शेजारचा पुनीत आणि आम्ही बहिणी, तीनचा शो. थिएटर रिकामं. हिरो परदेशी जातो, हिरॉइन फाटकाशी उभी राहते, इंटरव्हल. आमच्या जैनांत सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून भुवांचा फोन आला आणि आम्ही उठलो. पुनीत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी गच्चीवरून मला म्हणाला, "हिरो परत येतो." नंतर नोकरीसाठी पुण्याला गेला. मुलाने याहून स्पष्ट काय बोलायचं?

५ नोव्हेंबर, बुधवार
पिक्चर यूट्यूबवर सापडला. खाली एकच कमेंट: आवाज येत नाही. येतो.
ठरवलं, पूर्ण बघायचा आणि मग ठामपणे नकार द्यायचा. इंटरव्हलला बंद केला, जेवायची वेळ झाली. जेवणानंतर डोकं दुखलं.
दादीला कळलं. म्हणाली, सिनेमाला विचारून लग्न ठरवतेस, तर फेरेही त्याच्याशीच घे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
भुवांचा फोन. पुनीत उद्या इथे जळगावला सोनं घ्यायला येतोय. बांगड्या हातात घालून बघायला मी सोबत हवी, असं तो स्वतः म्हणाला.
नखं कापली. नेलपॉलिश लावलं, पुसलं. एवढा उतावळेपणा बरा नाही. मनात मिच्छामि दुक्कडम म्हणून क्षमा मागितली.
पप्पांना सांगितलं, धरणगावला आजच नकार कळवा. ते म्हणाले, रविवारपर्यंत विचार कर. मी म्हटलं, कुणाला उगाच वाट बघायला लावणं पाप आहे. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला.

८ नोव्हेंबर, शनिवार
सराफाकडे बराच वेळ गेला. सगळ्या बांगड्या मला बसल्या. पुनीत फोटो काढत होता. फक्त हाताचे. फोटो पुण्याला जायचे, तिकडून 'नको' यायचं, मी बांगडी उतरवायचे. जानेवारीत लग्न आहे त्याचं.
"तिचा हात अगदी तुझ्यासारखाच आहे, मुस्कान. भुवा म्हणाल्या तू येशील, तू मोकळीच असतेस."
त्या पिक्चरचं विचारलं. कोणता, म्हणाला. मी इंटरव्हलपर्यंतची गोष्ट सांगितली. मग त्याला आठवलं. हिरो परत येतो, एवढंच लक्षात आहे म्हणाला, मध्ये झोप लागली होती. आणि मनगट जरा वळवायला सांगितलं.
सगळ्यात आधी घातलेल्या बांगड्याच शेवटी पसंत पडल्या.

९ नोव्हेंबर, रविवार
दादीने पप्पांना पुन्हा धरणगावला फोन करायला लावला. नवीनचं काल संध्याकाळी भुसावळच्या मुलीशी ठरलं. त्याच्या आईने पप्पांचे आभार मानले, वेळेवर कळवलंत म्हणून.
दुपारी उरलेला पिक्चर पाहिला. शेवटी हिरोची गाडी येते. हिरॉइन फाटकाशीच, केस पिकलेले. तो उतरतो, मागून त्याची बायको आणि मुलगा. तो हिला ओळखत नाही. मुलासाठी पाणी मागतो. ती आणून देते. समाप्त.
म्हणजे पुनीत खोटं बोलला नव्हता. हिरो परत येतो.