आक्काची गाडी सुतकात बसणार नाही

प्रिय आक्का,

उद्या आपल्या प्राजूचं लग्न. दारात मांडव पडलाय, पोरीला हळद लागलीय, आणि मी गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुझ्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून हे लिहितोय. घरात बसून लिहिलं असतं, पण घरात सकाळपासून माझ्याशी कुणी धड बोलत नाही. भांडण झालंय. कशावरून? तुझ्या गाडीवरून!

मी एवढंच म्हणालो की माझी नात उद्या याच गाडीतून सासरी जाईल. त्यावर तुझ्या लाडक्या भावजयीनं, सुमननं, कपाळाला हात लावला. आणि माझा पोरगा असून जो तुझ्याच ताटात जेवून मोठा झाला तो दिलीप पाय आपटत मांडवाबाहेर गेला. का, तर तू या गाडीत गेलीस. मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी, सुमनच्या मांडीवर डोकं ठेवून. ज्या गाडीत माणूस गेलं ती गाडी दारात ठेवू नये म्हणतात. नवरी तर तिच्यात बसवूच नये!

म्हणतात कोण, ते एकदा मला कळू दे. त्याला समोर बसवून चहा पाजतो आणि विचारतो.

ही गाडी घेतली तो दिवस आठव, आक्का. दिलीपला हवी होती ती उंच, काळी, रुबाबदार. मला काय हवं होतं ते कुणी विचारलंच नाही. नगरच्या शोरूममध्ये तू नऊवारी सावरत शिरलीस, आणि हातात काय? दुधाची रिकामी किटली! तिथली पोरगी मोठी गोड बोलणारी होती.

“आजी, या गाडीला सनरूफ आहे. वरचं छत उघडतं.”

“छपराला भोक? बाई, आमच्या गोठ्याच्या छपराला हायेत तेवढी पुरं झाली. ही किटली मागं उभी ऱ्हाती का, ते बघू दे.”

किटली उभी राहिली. मग गुडघा धरून तू मागच्या सीटवर बसलीस, उतरलीस, पुन्हा बसलीस. दिलीप लाजून अर्धा झाला होता. “आत्ये, बैल घेतीस का गाडी?”

“बैलाचं दात तरी बघता येत्यात रे! आन् पुढं बसनारा कुठंबी बसंल. मागं कोन बसतं? म्हातारं, आजारी, न्हाईतर पोटुशी. त्यास्नी धड चढता आलं पायजे.”

एवढ्यावर भागलं असतं तर ती तू कसली! शोरूममधून उठलीस ती थेट मिरजगावात उतरलीस. हायवेच्या कडेच्या प्रत्येक गॅरेजात जाऊन एकच प्रश्न: “तुमच्याकडं दुरुस्तीला कंची गाडी सगळ्यात कमी येती? आन् आली तर तिचं सामान हितं मिळतं, का पुन्याची वाट बघावी लागती?” सगळे हसले. पण सगळ्यांनी नाव एकाच गाडीचं सांगितलं. ती ही. पांढरी, साधी, चारचौघींसारखी.

आणि चावी! शोरूमच्या पोरीला तू किती वेळा चावी फिरवायला लावलीस! चालू कर, बंद कर, परत चालू कर. “एका चावीत चालू झाली पायजे. दुसरी चावी मला चालत न्हाई.” ती बिचारी म्हणाली, सगळ्याच नव्या गाड्या होतात की आजी. तू पुन्हा चावीकडं बोट दाखवलंस. त्या बोटाचा अर्थ तिथं फक्त मला ठाऊक होता.

तुझं लग्न झालं तेव्हा मी हाफ चड्डीत होतो, पण विसरलो नाही. तुला श्रीगोंद्याच्या बाजूला दिली होती. वर्ष सरायच्या आत तुझा निरोप आला, मला न्यायला या. का ते निरोपात नव्हतं, पण आईला कळलं. आपल्या वस्तीवर तेव्हा एकच जीप होती. आपल्या वडलांनी, अण्णांनी, ती सांगितली, आम्ही सगळ्यांनी धक्का मारला, मीसुद्धा मारला. जीप नुसती खोकली आणि बसली. अण्णा म्हणाले, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी दिवस कलताना तूच दारात उभी होतीस. अर्धी वाट उसाच्या बैलगाडीतून, अर्धी पायी. पायात वहाण नव्हती. परत गेली नाहीस, आणि अण्णांना त्या जीपबद्दल एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, आक्का. ते मरेपर्यंत तुझ्याकडं बघून जेवले नाहीत.

म्हणून तुला एका चावीत चालू होणारी गाडी हवी होती. पुढं गाडी घरी आली, आपण तिला नारळ फोडला, तेव्हा प्राजू शाळेत जात होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून तू म्हणालीस, “या घरातल्या पोरीनं बोलावलं, की गाडी निघाली पायजे. धक्का मारायचे दिवस गेले.”

आणि मला कामाला लावलंस! मी कुठं शिकलेला मेकॅनिक? पेरणी यंत्र खोलून बसवणारा माणूस मी. पण बाजाराच्या दिवशी गाडी गार असताना तू हाक मारायचीस, “बबन, पट्टी काढ.” तेलाची पट्टी काढायची, फडक्याला पुसायची, पुन्हा बुडवायची, आणि तुझ्या डोळ्यांसमोर धरायची. पाणी बघायचं, हवा बघायची. आपल्या मातीच्या रस्त्याला एअर फिल्टर पिठाच्या चाळणीसारखा झटकायचा. दिलीप तिला घासूनपुसून चकचकीत करायचा तर तू म्हणायचीस, “तोंडाला पावडर आन् पोटात कावळं!” गाडीत बिस्किटाचा पुडा फोडला तर पोरांना खाली उतरवायचीस. “उंदीर आधी बिस्किट खातो, मंग वायर.” लई छळलंस मला. पण तुझ्या हयातीत गाडी एकदाही वाटेत बसली नाही, हे शेजारीपाजारीही कबूल करतात.

त्या दिवशीही बसली नाही ना? पहाटे तुझ्या छातीत कळ आली. मी चावी फिरवली, एकदाच. नगरचा रस्ता धरला. चढाला मी घाबरून वरच्याच गियरात गाडी ओढत होतो, तेव्हा मागून तुझा आवाज आला. तू कधी स्टिअरिंगला हात लावला नाहीस, पण कानानं गियर ओळखायचीस. म्हणालीस, “दुसऱ्यात टाक रे. रडवू नकोस तिला.” मी दुसऱ्यात टाकला. नंतर तू काही बोलली नाहीस. दवाखाना आला तेव्हा सुमनची मांडी तेवढी ओली होती, तिच्याच डोळ्यांच्या पाण्यानं.

आता सांग, यात गाडीचा काय गुन्हा? तिनं तर आपलं काम केलं. माणसाची वेळ भरली, त्याला ती काय करणार?

सीना नदीकाठी तुझा दहावा झाला आणि घरात कुजबुज सुरू झाली. गाडी विका. निदान शुद्ध तरी करा. सुमननं गोमूत्र आणलं, हळद-कुंकू कालवलं आणि तांब्याभर आत शिंपडलं. सीटवर, स्टिअरिंगवर, खाली, वर, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. मग गाडीवर ताडपत्री टाकली आणि चावी देव्हाऱ्यात ठेवली. कुणी चालू करायची नाही!

आणि मग आठवड्याभरात, भर दुपारी, शेडमधून हॉर्न सुरू झाला. आपोआप! थांबेना. म्हशी दावी तोडायला लागल्या. सगळी वस्ती पळत आली. सुमन तुळशीपाशी हात जोडून, “आक्का, काय चुकलं माकलं असंल तर पोटात घाला!” आणि दिलीप मला म्हणतो, “आबा, आता तरी पटलं का? आत्या बोलावतीय.”

मी म्हटलं, “आक्का बोलावती तेव्हा नावानं हाक मारती. हॉर्न मारत न्हाई.”

बॅटरीची वायर सोडली, हॉर्न गप्प. मग तुझ्यासारखा गुडघा धरून खाली वाकलो. स्टिअरिंगच्या खाली फ्यूजचा डबा असतो, तो उघडला. आत सगळं पिवळं-तांबडं! गोमूत्र झिरपून हॉर्न चालू-बंद करणाऱ्या रिलेचे पाय हिरवे पडले होते, आणि वर कुंकवाची खीर. भूतबित कुठलं, पूजाच आत शिरली होती! डबा पुसला, वाळवला, मिरजगावातून नवा रिले आणून बसवला. सगळ्यांना दाखवला. तर म्हणतात काय, “असंल, पन इषाची परीक्षा कशाला?”

त्याच दिवशी देव्हाऱ्यातून चावी काढली, आक्का. देवाला सांगूनच काढली. उभी गाडी आणि पडून असलेला नांगर, दोन्हीला गंज चढतो. दुधाच्या किटल्या टाकल्या आणि निघालो, मुद्दाम देवळासमोरून. पारावर एकानं विचारलं, “बबनराव, आक्काच्या गाडीत भ्या न्हाई वाटत?” मी म्हटलं, “आक्का जित्ती होती तवा वाटायचं. आता कशाचं?”

तेव्हापासून रोज चालवतोय. पण लग्न ठरलं आणि जुनं दुखणं वर आलं. प्राजूचं सासर तुझ्या सासरच्याच बाजूचं, श्रीगोंद्याकडचं. पोरगा चांगला आहे, मी पारखलाय. पण तू गाडीत गेल्याची गोष्ट तिथवर गेली, आणि आज सकाळी तिच्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. “आबा, आमी मोठी गाडी धाडतो. नवरी तिच्यात बसवा. आमच्याकडं असलं चालत न्हाई.”

मी म्हटलं, “धाडा की. पाव्हनं बसतील तिच्यात. पन ताई, तुमच्या सासूबाई कुठं गेल्या?”

“घरातच, माजघरात.”

“मग माजघर विकलं का?”

 मला वाटलं, मोडलं लग्न! मग त्या म्हणाल्या, “वेळेवर निघा म्हंजे झालं.” एवढंच. रागानं म्हणाल्या की हसून, ते फोनवर कळलं नाही. पण त्यावरून दिलीप बिथरला. “तुमच्या हट्टापायी माझ्या पोरीला जन्मभर ऐकावं लागंल,” म्हणाला. बाप आहे, त्याचं भ्या खोटं नाही. पण भ्यायचं कशाला, ते त्याला कळलेलं नाही. तुझ्या वेळी आपण लोकांना भ्यालो नव्हतो, नुसती जीप चालू झाली नाही. आणि तेवढ्यानं तुझे पाय फुटले.

आत्ताच प्राजू येऊन गेली. अंगभर हळद, हिरवा चुडा. तिला मी तुझी चालत आल्याची गोष्ट सांगितली. आजवर कुणीच सांगितली नव्हती.  तिनं गाडीचं दार उघडलं, मागं बसली, डाव्या खिडकीशी, आणि हात टेकवला.

“आबा, मी हितंच बसनार. आन् पप्पाला म्या सांगते.”

ती उठली तेव्हा सीटवर हळदीचा पंजा उमटला होता. मी पुसला नाही. थोड्या वेळानं सुमन आली, झेंडूची माळ घेऊन. माझ्याकडं बघितलं नाही. माळ बॉनेटवर टाकली आणि जाता जाता म्हणाली, “दोरी घट्ट बांधा. वाटंत सुटंल.”

तेवढं मला पुष्कळ झालं.

तर आक्का, ऐक. उद्या तुझी नात तुझ्या जागेवर बसून जाईल. वेशीवर मी हॉर्न मारीन, चांगला लांबलचक, आणि तो मीच मारलेला असेल, सगळ्यांनी नीट ऐकावा. परवापासून पुन्हा पट्टी, पाणी, हवा. चावी देव्हाऱ्यात नाही, माझ्या उशाला राहील. प्राजूचा फोन आला, का म्हणून विचारायच्या आत मी श्रीगोंद्याच्या रस्त्याला लागलेला असेन. मी थकलो तर दिलीपला शिकवीन, आणि त्याच्याआधी प्राजूलाच शिकवीन. आपल्या घरातली पोरगी पुन्हा पायी येणार नाही.

चढ आला की दुसऱ्यात टाकीन.

तुझा,
बबन