कानडी पुस्तकातला धाकू

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

फालतू! एकदम फालतू! अडीच तास बसवलं आणि शेवटी मारून टाकला त्याला!

कंपनीत हाफ डे टाकून कल्याणला पहिल्या शोला गेलेलो. ‘नीलबाहू’. साउथचा सिनेमा, मराठीत डब केलेला. पोस्टर बघितलं तेव्हाच ओळखलेलं — निळं अंग, अनवाणी पाय, दोन्ही हातांनी लाट अडवून उभा. अरे, हा तर आपला धाकू! कळव्याला चाळीत राहायचो तेव्हा आई मला ज्या कॉमिकमधून वाचून दाखवायची, तोच. मी असेन चार-पाच वर्षांचा. पुस्तकं पुढे घर बदलताना गेली, पण चित्र न् चित्र डोक्यात आहे.

आणि यांनी काय केलं? नाव बदललं. मिठागरातला कामगार होता, त्याला शास्त्रज्ञ केलं. अंगावर वीज पडून निळा होतो म्हणे! अरे, तो खाऱ्या पाण्यात राहून राहून निळा पडलेला. तो झोपाळू मुकादम, ज्याच्यामुळे उघाडी — भरतीचं पाणी अडवायचं दार — उघडी राहते, त्याचा टकला प्रोफेसर केला. एक वेळ हेही चालवून घेतलं असतं. पण शेवट! धाकू मरत नाही. लाट परतवतो, दमतो, बांधावर झोपतो. सगळा गाव गप्प उभा राहतो, झोपमोड नको म्हणून. मग उठतो, घरी जातो आणि भाकरी खातो. इथे सरळ चिता! बाजूची बाई रडत होती आणि मी रागाने पॉपकॉर्न चावत होतो.

ऐश्वर्याला घरी येऊन सगळं सांगितलं. म्हणाली, “आपल्या लग्नातसुद्धा एवढा इमोशनल नव्हतास रे.”

शनिवार, १५ नोव्हेंबर

आमच्या कॉमिकवेड्यांच्या ग्रुपवर टाकलं — “मराठी कॉमिक चोरलं, वर शेवटाची पण वाट लावली. चोर कुठले!” संध्याकाळपर्यंत दीडशे कमेंट.

मग विकीचा फोन. ग्रुपचा ॲडमिन तोच. दर महिन्याला वाचनालयाच्या हॉलमध्ये आमच्या गप्पा ठेवतो. म्हणाला, “तेवीस तारखेला तूच बोल. सिनेमा आणि मूळ कॉमिक. पण भाई, चोर म्हणालायस तू त्यांना. पुरावा लागेल. शेवटचं पान दाखव, नाहीतर सगळ्यांसमोर माफी माग.”

दाखवतो की! पान पडद्यावर लावणार, आणि खाली बसणार.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मिळत नाही. ठाण्यातले दोन रद्दीवाले झाले, डोंबिवलीतला एक झाला. ‘धाकू’ नावाचं कॉमिक कोणी ऐकलेलंच नाही. एक म्हणाला, “साहेब, स्वप्नात वाचलं असेल.” हसला पण वर!

आईला विचारलं, पुस्तकं आणायचीस कुठून? म्हणाली, “हाटेलातून.” खरंच की. स्टेशनजवळच्या उडुपी हॉटेलात ती इडली-डोशाचं पीठ वाटायला जायची. मालक अण्णा, त्यांची मुलं मोठी झाली तशी जुनी पुस्तकं आईला देऊन टाकली.

“कनाला पायजेत आता?”

म्हटलं, धाकू मरत नाही हे सिद्ध करायचंय. तिने मेथीची जुडी पुढे ओढली आणि निवडत बसली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मिळालं. आणि मी मेलो.

विकीच्या ओळखीचा एक बंगळुरूचा माणूस जुनी कॉमिक्स जमवतो. त्याने आज लंच टाइमला स्कॅन पाठवलं. उघडलं तर सगळी गोल गोल अक्षरं. कानडी! मी हिंदीत लिहिलं, भाषांतर नको, मूळ मराठी पाठवा. त्याचं उत्तर — “सर, यही ओरिजिनल है। मराठी में तो कभी निकला ही नहीं।”

पण चित्रं तीच! तो बगळा, ती फुटलेली होडी, तो टकला. पान उलटायच्या आधी मला पुढचं चित्र माहीत होतं. मग फोनचा कॅमेरा धरून ॲपमध्ये भाषांतर करत बसलो. तिसऱ्या पानावर वीज पडते. टकला प्रोफेसरच आहे. नाव नीलबाहू. मिठागर नाहीच कुठे! शेवटच्या पानावर तो आडवा पडलेला, भोवती माणसं माना खाली घालून उभी, आणि खाली चौकटीत — “लोकांना वाचवून नीलबाहूने प्राण सोडले.”

सिनेमावाल्यांनी पान न् पान जपलंय. मी वाचलेलं कॉमिक जगात नाहीच! चहा गार झाला. सुपरवायझर विचारून गेला, घरी सगळं बरं आहे ना?

गुरुवार, २० नोव्हेंबर

मानपाड्याच्या कंपनीतून घरी आलो तो बूटसुद्धा न काढता आईसमोर जाऊन बसलो.

“आई, ती पुस्तकं कानडी होती.”

“मग? अण्णा कानडीच होता ना.”

“तुला कुठे येते कानडी?”

“मना कुठं येतंय?”

“मग तू वाचायचीस काय?”

“तू पुस्तक घेऊन मांडीवर येऊन बसायचास. काय तरी बोलायला नको?”

ऐश्वर्या ओट्याशी उभी राहून इतकी हसली की दूध उतू गेलं. मीही हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, जरा जास्त वेळ.

दिवसभर त्या दगडी रगड्यापाशी उभी असायची. हाताला उडदाच्या पिठाचा आंबट वास यायचा, तो अजून नाकात आहे. त्यानंतर घरी येऊन स्वयंपाक, आणि त्यानंतर मी पुस्तक घेऊन हजर. एक शब्द वाचता येत नसलेलं पुस्तक! ते रोज वाचायचं. आणि रोज तेच्या तेच वाचायचं, कारण मी एक नंबरचा कटकट्या. एक वाक्य इकडचं तिकडे झालं की “काल असं नव्हतं!” म्हणजे बाईने सगळं पाठ ठेवलं होतं. मला गोष्टींचं वेड आहे, वाचनाचं वेड आहे, असं मी मोठ्या ऐटीत सांगतो. कुठून आलं ते? थँक यू आई. तोंडावर म्हणायची लाज वाटते, म्हणून इथे.

फक्त एक विचारलं, धाकू हे नाव कुठलं काढलंस? म्हणाली, “नाव नको काय त्याला?” आणि उठून गेली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पोस्ट गुपचूप उडवावी काय? लोक विसरतील. विकी नाही विसरणार. मीही नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

झालं!

हॉल भरलेला. आई हट्टाने आली, हिरवी साडी नेसून शेवटच्या रांगेत बसली. मी आधी माफी मागितली. म्हटलं, सिनेमावाले चोर नाहीत, गाढव मी आहे. पोरं हसली, विकी सगळ्यात जोरात. मग शेवटचं पान लावलं. ॲपमधून आलेलं वाचून दाखवलं. मग म्हटलं, आता आईचं पान ऐका. पुढे ‘दमलाय, झोपलाय, गलका करू नका’ हे सांगताना माझाच आवाज फाटला. चित्र तेच आणि माणूस जिवंत! सगळ्यांना दिसलं ते. मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

सिनेमा चांगला आहे, हेही सांगितलं. पुस्तकाशी प्रामाणिक आहे. प्रामाणिक नव्हती ती फक्त माझी आई, आणि देवा, किती बरं झालं!

शेवटी कृतिका नावाच्या कॉलेजच्या मुलीने मागे वळून आईलाच विचारलं, “काकी, मग घरी जाऊन भाकरी कशाबरोबर खाल्ली त्याने?”

आई म्हणाली, “सुकटीच्या चटणीबरोबर. त्याला तीच आवडायची.”

टाळ्या थांबेनात. रिक्षात आईने माझा हात धरून ठेवलेला, पार घर येईपर्यंत. असा दिवस रोज येत नाही. मी फार नशीबवान आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर

आईला निशामावशीकडे बाळकुमला सोडायला गेलेलो. टॉवरच्या गेटपाशी आई थांबली. म्हणाली, “हितं आमचा बांध होता.”

एक मामा लहानपणी गेला एवढंच मला माहीत होतं. घरात कोणी त्याचं नाव घ्यायचं नाही. आज आईने सांगितलं, सोळा वर्षांचा होता. उधाणात उघाडी तुटली, तो अडवायला उतरला. नाव धाकू.

“बांधावर निजवलेला त्याला. सगळे गप उभे. मी सा वर्षांची. आये बोलली, दमलाय, गलका नको करू.”

मी विचारलं, आणि भाकरी?

“मी झाकून ठेवलेली. दोन दिस.”