मागची जागा

आंदर मावळ,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय यशोधरा,

सप्रेम जयभीम आणि तुझ्या भाऊचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. तसंही मला फोनवर बोलता येत नाही. समोरचं माणूस गप्प झालं की मी हवापाणी सांगू लागतो. इकडे भाताची झोडणी संपत आली. खळ्यावरून वारा आला की घरभर इंद्रायणी तांदळाचा वास भरतो. गुडघा बरा आहे. सकाळची एसटी आली तर आली.

परवा शाळेवरून गेलो. आपण ज्या ओट्यावर कविता म्हणायचो तो ओटा अजून आहे. तुझा आवाज खणखणीत, पण शेवटचं कडवं आलं की तू अडायचीस. मग मी मागं उभा राहून ओठातल्या ओठात ओळ पुरवायचो आणि तू ती अशी म्हणायचीस, जणू तुलाच आत्ता सुचली! बक्षीस तुला. त्या नदीच्या, पाखरांच्या कविता मला अजून पाठ आहेत. लग्नं लावताना मंगलगाथा म्हणतो, तेव्हा मधेच त्यांची चाल लागते. मांडवात कुणाला कळत नाही.

लग्नाचं निघालंच आहे, तर सांगतो.

दिवाळीनंतर तुझी तेजल येऊन गेली. माधवीही होती. लोणावळ्याला त्या दोघी एकत्र राहतात हे तुला ठाऊक आहे. 'मैत्रीण, मैत्रीण' म्हणत तू आणि मी बरीच वर्षं काढली. पडवीत बसून तुझी लेक म्हणाली, "मामा, आमचं लग्न लावाल?"

मी विचारलं, "कायद्यात बसतं का गं?"

"नाही बसत. कोर्टानं संसदेवर सोडलं आणि तिथं सगळं शांत आहे. नोंदणी होणार नाही. नोकरीत बाकीच्यांच्या नवरा-बायकोला जे मिळतं, ते हिला मिळणार नाही. उद्या मला काही झालं, तर ही माझी कोण, हेच आधी विचारतील. म्हणून तर तुमच्याकडे आलो. निदान चारचौघांत कुणीतरी मोठ्या आवाजात म्हणावं, की ह्या एकमेकींच्या आहेत."

मी तिथंच उभं करून सराव घेतला. सवयीनं म्हणालो, "वरानं उजव्या बाजूला यावं." दोघी जागच्या हलेनात. मग माधवी म्हणाली, "मामा, वर आज रजेवर आहे." हसता हसता मला ठसका लागला.

पुढं प्रतिज्ञा आल्या आणि मी खरोखर अडलो. वराच्या वेगळ्या, वधूच्या वेगळ्या. सन्मान करीन, कधी अपमान करणार नाही, हे कुणी म्हणायचं? घर नीट सांभाळीन, आळस करणार नाही, हे कुणी? तेजल म्हणाली, "दोन्ही दोघी म्हणू." माधवी म्हणाली, "आळसाची आधी हिला द्या मामा, भांडी मीच घासते." मग दोघींनी सगळ्या म्हटल्या, एकमेकींकडे बघत, न हसता. यशो, मला वाटलं, इतकी वर्षं मी एकेकाकडून अर्धंच कडवं म्हणवून घेत होतो.

लग्नाला गावातलं बुद्धविहार ठरलं होतं. समितीच्या सोपाननं आनंदानं हो म्हटलं होतं. गेल्या आठवड्यात तोच दारात आला, बस म्हटलं तर बसेना. "भाऊ, विहार मिळायचं न्हाई. आन् तुमी ह्ये लगीन लावलं, तर हितनं पुढची लग्नं आमी दुसऱ्याकडनं लावून घेऊ."

"का रे बाबा?"

"पुन्याहून फोन आलता. मुलीच्या घरनंच."

दाजी गेल्यापासून मुलीच्या घरी तुझ्याशिवाय कोण आहे, यशो?

मी रागावलो नाही. तेजलला सांगितलंही नाही. तिला वाटतंय समितीच घाबरली. तुझी भीती मला कळते; कॉलनीत वर मान करून चालायला तुला किती वर्षं लागली ते मी पाहिलं आहे. पण आई काय सांगायची, आठव. धम्म घेतल्यानंतर आपल्या गावातलं पहिलं लग्न तिचं आणि आबांचं. भटजी नाही, मुहूर्त नाही, अक्षताही नाहीत. पांढरं लुगडं, दोन तसबिरी, मेणबत्त्या आणि ओंजळभर फुलं. गाव म्हणालं, "ह्ये कसलं लगीन? ह्यांची लेकरं कुनाची म्हनायची?"

ती लेकरं म्हणजे तू आणि मी.

तेव्हा लग्न आपल्याच अंगणात, रविवारी, २३ तारखेला. सकाळी. माझ्या हातून लागणारं ते शेवटचं असेल, तर असो.

माधवीची आई कस्तुराबाई परवा पवनानगरहून आली. शेतकऱ्याघरची बाई, दीर, भाऊ सगळे विरोधात, तरी जीप बदलत एकटी आली. अंगण बघितलं, चहा घेतला आणि म्हणाली, "आमच्यात नवरीच्या मागं मामा उभा लागतो. हिचा मामा येत न्हाई म्हनला. भाऊ, तुमीच दोघींच्या मागं उभं ऱ्हा."

"राहतो की," म्हणालो. ती डोळे पुसून गेली. मग अंगणात एकटाच फिरताना ध्यानात आलं, मी तर पुढं असणार, तसबिरींपाशी, गाथा म्हणत. एकाच वेळी पुढं आणि मागं कसा उभा राहू?

रात्रीच फोन करून हे तिला सांगितलं. म्हणाली, "मंग तितं दुसरं कुनाला तरी उभं करू." म्हटलं, नको, कुणाला नको.

माझा आवाज हल्ली शेवटच्या गाथेपर्यंत पुरत नाही. श्वास तुटतो, ओळ निसटते. मागून कुणीतरी द्यावी लागते, आणि गाथा तुला माझ्याइतक्याच पाठ आहेत.

दोघींच्या मागची जागा मोकळी ठेवून,
तुझा भाऊ
भिकाजी